दोन देशांतला व्यापार करार: सह्या झाल्यावर माल कुठे अडतो?

तागडी (धागाकर्ता)

द्विपक्षीय व्यापार कराराची चर्चा ‘शुल्क किती टक्क्यांनी उतरलं’ इथे सुरू होते आणि बहुतेक वेळा तिथेच संपते. खरं तर शुल्क हा करारातला सगळ्यात सोपा भाग. दोन्ही बाजू तक्ता पुढ्यात घेऊन बसतात, घासाघीस होते, आकडे ठरतात. माल त्यानंतरही बंदरात पडून राहतो, कारण त्याला अडवणाऱ्या गोष्टी तक्त्याबाहेर असतात. त्यांच्यावर इथे बोलू. कुठलेही दोन व्यापारी देश धरा. ‘आपण विरुद्ध ते’ छापाचे धागे चिकार आहेत, हा तसा नको.

आधी चौकट. जागतिक व्यापार संघटनेच्या सदस्याने एका देशाला सवलत दिली की ती सगळ्या सदस्यांना द्यावी लागते. हे ‘गॅट’ या संघटनेच्या मूळ व्यापार कराराचं पहिलं कलम, म्हणजे एमएफएन (‘सर्वाधिक अनुकूल राष्ट्र’) तत्त्व. दोघांपुरतीच सवलत ठेवायची तर चोविसावं कलम वापरायचं. त्याची अट अशी की दोघांमधल्या ‘जवळपास सगळ्या’ व्यापारावरचं शुल्क गेलं पाहिजे, आणि या कलमावरच्या १९९४ च्या समझोत्यानुसार तेही साधारण दहा वर्षांत. ‘जवळपास सगळा’ म्हणजे किती, याची सर्वमान्य व्याख्या नाही. वाटाघाटीत ९० टक्के धरून चालतात. विकसनशील देश आपसात करार करतात तेव्हा १९७९ चा ‘एनेबलिंग क्लॉज’ वापरता येतो, त्याच्या अटी बऱ्याच सैल आहेत.

तक्त्यातही फसगतीच्या जागा आहेतच. पहिली म्हणजे बांधील दर (याहून जास्त घेणार नाही असं संघटनेला दिलेलं वचन) आणि लागू दर (प्रत्यक्ष वसुलीचा) यांतला फरक. समोरच्याचा बांधील दर ४० टक्के आणि प्रत्यक्ष वसुली १० टक्क्यांनी होत असेल, तर ‘४० चे २० करतो’ या वाक्याला शून्य किंमत आहे. म्हणून अमुक तारखेचा लागू दर हाच पायाभूत दर, असं ठरवून तो वस्तुनिहाय छापून घ्यायचा. ही तारीख मोकळी सोडली की वाटाघाटी चालू असताना दर हळूच चढतात आणि मग तेच उतरवल्याचं श्रेय घेतलं जातं.

दुसरी जागा हप्त्यांची. ‘दहा समान वार्षिक हप्ते’ वाचायला सरळ वाटतं. पण पहिली कपात करार लागू होण्याच्या दिवशी आणि पुढच्या दर १ जानेवारीला, अशी भाषा असेल आणि करार नोव्हेंबरात लागू झाला, तर दोन महिन्यांत दोन कपाती मिळतात. शेवटच्या वर्षांत याचा उलटा परिणामही दिसतो: दर डिसेंबरात खरेदीदार ऑर्डर थांबवून ठेवतो.

तिसरी जागा कोट्याची. ठरावीक टनांपर्यंत कमी शुल्क आणि त्यापुढे पूर्ण, अशी योजना असते तेव्हा खरा प्रश्न हा की कोटा वाटणार कोण. ‘आधी येईल त्याला’ म्हटलं की वर्षाच्या पहिल्या आठवड्यात बंदरात गर्दी होते. आयातदारांना परवाने दिले तर शुल्कातली बचत परवानाधारकाच्या खिशात जाते, निर्यात करणाऱ्या देशाला दमडी मिळत नाही. कोटा मागणारे आकड्यासाठी भांडतात, वाटपाच्या कलमाकडे फार कमी जण बघतात.

मूळस्थान, मानकं, पैसे, दूतावास आणि वाद यांवर जाणकारांनी लिहावं.

---

जकातनाका

मूळस्थानापासून सुरुवात करतो, कारण सवलत नाकारली जाण्याचं नेहमीचं कारण हेच.

सवलत ‘त्या देशातून आलेल्या’ मालाला नसते, ‘त्या देशात तयार झालेल्या’ मालाला असते. नाहीतर तिसऱ्या देशाने आपला माल कमी शुल्काच्या दारातून आत सरकवला असता. शेतात पिकलेलं, खाणीतून काढलेलं सरळ पात्र ठरतं. कारखान्यातल्या मालासाठी कसोट्या असतात. एक उदाहरण पूर्ण करून बघू.

पाण्याचा सेंट्रिफ्युगल पंप, एचएस कोड (मालाच्या वर्गीकरणाचा आंतरराष्ट्रीय क्रमांक) ८४१३.७०. एफओबी किंमत (माल जहाजावर चढवेपर्यंतची) १०००. त्यात तिसऱ्या देशातून आणलेली मोटर (८५०१) ३८० ची, इंपेलर (पंपाचा भाग, ८४१३.९१) १५० चा आणि मेकॅनिकल सील (८४८४) ७० चं. परका माल एकूण ६००.

मूल्याची कसोटी: एफओबीतून परका माल वजा, भागिले एफओबी. १००० वजा ६०० म्हणजे ४० टक्के. करारात किमान ४० टक्के मागितले असतील तर पंप काठावर पास. आता मोटर फक्त पाच टक्क्यांनी महागली, ३९९ झाली. परका माल ६१९, स्थानिक मूल्य ३८.१ टक्के, सवलत गेली. कारखान्यात काहीही बदललेलं नाही. विनिमय दर घसरला तरी हेच होतं.

शीर्षक बदलाची कसोटी: परक्या मालाचा चार अंकी कोड तयार मालापेक्षा वेगळा हवा. मोटर ८५०१, पास. सील ८४८४, पास. इंपेलर ८४१३, पंपही ८४१३, म्हणजे नापास. इथे ‘डी मिनिमिस’ कामाला येतं: कोड न बदललेला परका माल एफओबीच्या साधारण १० टक्क्यांपर्यंत माफ असतो. पण इंपेलर १५ टक्के आहे, तेव्हा तिथेही सुटका नाही. इंपेलर शंभराच्या आत बसला असता तर पंप पात्र होता.

उपशीर्षक बदलाची कसोटी, म्हणजे सहा अंकी कोडची: ८४१३.९१ चं ८४१३.७० झालं, पास.

एकच पंप, एकच कारखाना आणि तीन उत्तरं. त्यामुळे आपल्या वस्तूला कोणती कसोटी लावली आहे हे परिशिष्टात पाहिल्याशिवाय ‘आमचा माल शुल्कमुक्त आहे’ असं खरेदीदाराला सांगू नये. वाटाघाटी करणाऱ्यांसाठीही हे महत्त्वाचं आहे. ‘मूल्य किंवा कोड बदल, दोन्हींपैकी एक’ अशी पर्यायी कसोटी मिळवली तर बऱ्याच कारखान्यांचा प्रश्न सुटतो.

---

सहज_सुचलं

इतकी कटकट असेल तर लोक सवलत घेतात तरी का? सरळ पूर्ण शुल्क भरून मोकळे होत असतील.

---

जकातनाका

होतात ना! कराराशिवायचा (एमएफएन) दर दोन-तीन टक्के असेल तर कागदपत्रांचा खर्च, हिशेब पाच वर्षं सांभाळायची जबाबदारी आणि मागाहून पडताळणी आली तर दंडाची धास्ती, हे सगळं मिळून सवलत खाऊन टाकतं. लहान निर्यातदार तर तिच्या वाटेलाच जात नाही.

उपाय स्वयंघोषणेचा. युरोपीय संघ आणि दक्षिण कोरिया यांचा करार जुलै २०११ पासून वापरात आला. त्यात निर्यातदार बीजकावरच मूळस्थानाचं ठरलेलं वाक्य लिहितो. ६,००० युरोंवरच्या खेपेसाठी मात्र त्याला आधी कस्टम्सकडून ‘मान्यताप्राप्त निर्यातदार’ व्हावं लागतं. युरोपीय संघ आणि जपान यांच्या २०१९ च्या करारात आयातदार ‘माझ्याकडे असलेल्या माहितीवरून हा माल पात्र आहे’ असंही म्हणू शकतो. ऐकायला छान आहे, पण त्यासाठी पुरवठादाराने आपल्या खर्चाचा तपशील खरेदीदाराला द्यावा लागतो, आणि तो कोण देणार?

तशीच कुचंबणा मधल्या व्यापाऱ्याची. माल एका देशातून दुसऱ्यात जातो, बीजक तिसऱ्या देशातली कंपनी काढते. प्रमाणपत्रावर कारखान्याची एफओबी किंमत छापली तर मधल्याचा नफा खरेदीदाराला उघड दिसतो. म्हणून मूल्याची कसोटी लावलेली नसेल तिथे किंमत लिहायची गरज नाही, अशी दुरुस्ती काही करारांत नंतर करावी लागली.

---

दर्यावर्दी

मूळस्थान सिद्ध झालं तरी ते प्रवासात गमावता येतं. थेट वाहतुकीच्या नियमानुसार माल तिसऱ्या देशाच्या बंदरात बोट बदलू शकतो, पण तिथे तो कस्टम्सच्या ताब्यात राहिला पाहिजे, आणि उतरवणं, चढवणं, माल टिकवणं यापलीकडे त्याला हात लागता कामा नये. पुराव्यासाठी सुरुवातीच्या बंदरापासून शेवटच्या बंदरापर्यंतचं एकसंध बिल ऑफ लेडिंग (बीएल, म्हणजे जहाज कंपनीने दिलेली मालाची पावती) हवं. दोन तुकड्यांत दोन बीएल काढली की अधिकारी मधल्या बंदराच्या कस्टम्सचं पत्र मागतो, आणि त्या पत्रासाठी आठवडे जातात.

ब्रिटन आणि युरोपीय संघ यांच्यातला करार डिसेंबर २०२० मध्ये झाला. ‘शून्य शुल्क, शून्य कोटा’ अशी त्याची जाहिरात झाली. जानेवारी २०२१ मध्ये लगेच लक्षात आलं की युरोपात बनलेला खाऊ ब्रिटनच्या गोदामात आणून, वेगळे गठ्ठे करून आयर्लंडला पाठवला तर त्यावर शुल्क लागतं. ब्रिटनमध्ये आयात होऊन बाहेर पडताना तो युरोपीय राहिला नव्हता, आणि नुसत्या गठ्ठे करण्याने ब्रिटिश झाला नव्हता. गोदाम कुठे ठेवायचं याचा निर्णय मूळस्थानाच्या नियमाने फिरवला.

आणखी एक खाच एचएसच्या आवृत्तीची. हे कोड साधारण पाच वर्षांनी बदलतात: २०१२, २०१७, २०२२. करार २०१२ च्या आवृत्तीवर बेतलेला आणि कस्टम्सची संगणक प्रणाली २०२२ वर, असं सर्रास असतं. प्रमाणपत्रावर कराराच्या आवृत्तीचा कोड, आयातीच्या घोषणापत्रावर चालू आवृत्तीचा. दोन्ही बरोबर असूनही जुळत नाहीत आणि फाइल अडते. दोन देशांनी बदलाचा तक्ता वेळेवर अदलाबदल केला तर हा त्रास होतच नाही, पण त्या कामाला कुणी फोटो काढायला येत नाही.

अवांतर: व्यापारी तुटीवरून दोन राजधान्यांत वाद पेटतो तेव्हा आधी दोघांचे आकडे शेजारी ठेवा. निर्यात बहुधा एफओबीने मोजतात, आयात सीआयएफने, म्हणजे भाडं आणि विमा धरून. त्याच मालाचा आयातीचा आकडा मोठा दिसणारच. शिवाय मधल्या बंदरातून गेलेला माल एकाच्या वहीत त्या बंदराच्या नावावर आणि दुसऱ्याच्या वहीत मूळ देशाच्या नावावर चढतो. दोन सांख्यिकी खात्यांनी वर्षातून एकदा बसून आकडे ताडून पाहिले तर निम्मी भाषणं रद्द होतील.

---

परीक्षानळी

शेतमाल आणि खाद्यपदार्थांच्या बाबतीत शुल्क शून्य असून दार बंद, ही नेहमीची अवस्था आहे. कीड-जोखमीचं विश्लेषण आयात करणाऱ्या देशाची यंत्रणा एकेका पिकासाठी स्वतंत्र करते, आणि त्या रांगेत वर्षं जातात. म्हणून करारात ‘सहकार्य करू’ असं गुळमुळीत वाक्य लिहून घेण्यापेक्षा पहिल्या तीन पिकांची नावं, माहिती द्यायची मुदत आणि मसुदा अहवालाची मुदत लिहून घ्यावी.

जागतिक व्यापार संघटनेच्या एसपीएस (अन्नसुरक्षा आणि प्राणी-वनस्पतींच्या आरोग्याविषयीच्या) कराराच्या सहाव्या कलमातलं विभागवार मान्यतेचं तत्त्व फार उपयोगी आहे. देशाच्या एका टोकाला रोग आढळला म्हणून पूर्ण देशाची निर्यात थांबू नये, रोगमुक्त भाग वेगळा धरावा. हे संकटाच्या आधी ठरवून ठेवावं लागतं. साथ आल्यावर समोरचा मंत्री आपल्या शेतकऱ्यांकडे बघणार.

कीटकनाशकांच्या अंशाची मर्यादा हा दुसरा सापळा. युरोपीय संघात एखाद्या रसायनासाठी वेगळी मर्यादा ठरलेली नसेल तर किलोला ०.०१ मिलिग्रॅम ही सरसकट मर्यादा लागते. म्हणजे तिथे कुणी वापरतच नाही अशा, पण निर्यातदार देशात कायदेशीर असलेल्या औषधाचा माग सापडला तरी खेप परत.

औद्योगिक मालात चाचणी अहवाल परस्पर मान्य करण्याचे करार असतात. यात एक गल्लत होते. प्रयोगशाळेला आंतरराष्ट्रीय मान्यता आहे याचा अर्थ समोरच्या देशाचा नियामक तिचा अहवाल स्वीकारेल असा नाही. नियामकाने तसं लिहून द्यावं लागतं, वस्तुप्रकार आणि प्रयोगशाळांच्या यादीसकट. यादी नसलेला परस्पर मान्यता करार ही शोभेची वस्तू आहे.

आणि लाकडी पॅलेट! यंत्र दहा कोटींचं असो, खालच्या लाकडावर आयएसपीएम १५ चा (लाकडातली कीड मारण्याविषयीच्या आंतरराष्ट्रीय मानकाचा) शिक्का नसेल तर कंटेनर थांबतो. लाकूड गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सिअसला सलग ३० मिनिटं तापवलेलं हवं, आणि कणसाचं चिन्ह, देशाचा कोड, प्रक्रिया करणाऱ्याचा क्रमांक आणि ‘एचटी’ (उष्णता-प्रक्रिया) ही अक्षरं वाचता आली पाहिजेत. शिक्क्यावर रंगाचा हात फिरलेला असला तरी अधिकारी हरकत घेतो.

---

दर्शनी_हुंडी

माल पोचला, पैशाचं काय? दोन देशांत थेट बँक-संबंध नसतील तर रक्कम दोन-तीन मध्यस्थ बँकांतून फिरते, प्रत्येक जण आपलं शुल्क कापतो आणि कुणा एकाला नाव ओळखीचं वाटलं नाही तर ती थांबते. लहान देशांशी व्यापार वाढवायचा तर आधी बँकांना एकमेकींकडे खाती उघडायला लावा. करारात वित्तीय सेवांचं प्रकरण असतं, पण त्यातून खातं आपोआप उघडत नाही. मनी लाँडरिंगची तपासणी समोरच्या बँकेच्या नियमांनुसार पार पडावी लागते.

एलसीवर (बँकेचं पतपत्र: ठरलेले कागद दिले की बँक पैसे देते) २००७ पासून यूसीपी ६०० हे आंतरराष्ट्रीय नियम चालतात. माल चढवल्यापासून २१ दिवसांत कागद सादर करायचे (अर्थात एलसीची मुदत त्याआधी संपत नसेल तर), आणि बँकेला ते तपासायला सादर केल्यानंतरचे पाच कामकाजाचे दिवस. मूळस्थानाचं प्रमाणपत्र इथे आडवं येतं. ते माल चढल्यानंतर निघालं तर त्यावर ‘मागाहून दिलेले’ असा शेरा पडतो. कस्टम्सला तो चालतो, पण एलसीत प्रमाणपत्राची तारीख जहाजावर चढवण्याच्या आतली मागितली असेल तर बँक विसंगती काढते. एलसी उघडतानाच ‘मागाहून दिलेले प्रमाणपत्र चालेल’ हे वाक्य घालून घ्यावं. फुकटचं काम आहे.

स्थानिक चलनात व्यवहार करा, हा सल्ला हल्ली फार ऐकू येतो. व्यापार दोन्ही बाजूंनी साधारण सारखा असेल तर तो उत्तम. एकतर्फी असेल तर विकणाऱ्याकडे समोरच्याचं चलन साचत जातं. रिझर्व्ह बँकेने जुलै २०२२ मध्ये रुपयातल्या व्यवहारासाठी विशेष व्होस्ट्रो खात्यांची (परदेशी बँकेने भारतीय बँकेत उघडायच्या रुपया-खात्यांची) सोय केली. पुढे रशियाची तेलविक्री वाढली, उलट दिशेचा माल त्या मानाने थोडा. मे २०२३ मध्ये रशियाच्या परराष्ट्रमंत्र्यांनी जाहीरच सांगितलं की अब्जावधी रुपये पडून आहेत आणि ते वापरायचे कसे हा प्रश्न आहे. तेव्हा आधी हे ठरवा की साचलेलं चलन कुठे गुंतवता येईल: सरकारी रोख्यांत, प्रकल्पात की तिसऱ्या देशाकडच्या खरेदीत. मग चलनाच्या स्वातंत्र्यावर बोला.

---

पाचवा_मजला

राजनैतिक बाजू. राजनैतिक संबंधांविषयीच्या १९६१ च्या व्हिएन्ना करारात, तिसऱ्या कलमात, आर्थिक संबंध वाढवणं हे दूतावासाचं काम म्हणून नोंदवलेलं आहे. म्हणजे ती कुणाची मेहेरबानी नव्हे. पण वाणिज्य विभागात एक अधिकारी, तो तीन वर्षांनी बदलणार आणि जाताना ओळखीपाळखी बरोबर नेणार, असा कारभार असला तर काम होत नाही. स्थानिक भाषा जाणणारे, कायम राहणारे स्थानिक कर्मचारी हाच विभागाचा कणा.

संयुक्त आयोग दोन देशांत बहुतेकदा असतोच. तो जिवंत आहे का हे ओळखायला मागच्या दोन बैठकांची इतिवृत्तं शेजारी ठेवून वाचा. तीच वाक्यं पुन्हा आली असतील (‘दोन्ही बाजूंनी समाधान व्यक्त केले’) तर आयोग झोपलेला आहे. चालणाऱ्या आयोगाच्या इतिवृत्तात मुद्दा, खातं, अधिकाऱ्याचं पद आणि तारीख असते, आणि पुढची बैठक मागच्या यादीवरून सुरू होते.

भेटींची शिस्त करारातच बांधता येते. फ्रान्स आणि पश्चिम जर्मनी यांनी २२ जानेवारी १९६३ रोजी एलिझे करार केला. त्यात राष्ट्रप्रमुख आणि सरकारप्रमुखांनी वर्षातून किमान दोनदा आणि परराष्ट्रमंत्र्यांनी दर तीन महिन्यांत किमान एकदा भेटायचं, असं लिहिलं. भेटायला निमित्त लागत नाही, त्यामुळे भांडण चालू असतानाही भेट होते. भेट ‘सोयीनुसार’ ठेवली की संबंध बिघडल्यावर सगळ्यात आधी तीच रद्द होते.

माणसांच्या येण्याजाण्याकडेही बघा. यंत्र विकलं पण ते बसवायला जाणाऱ्या तंत्रज्ञाला व्हिसा पर्यटकाचा, असं झालं की कंपनी दुसऱ्या देशातून यंत्र घेते. बसवणी आणि दुरुस्तीसाठी अल्पमुदतीचा प्रवेश सेवांच्या प्रकरणात वेगळा मागून घ्यावा लागतो. कागदपत्रांसाठी १९६१ चा अपोस्टिल करार आहे. दोन्ही देश त्यात असतील तर दूतावासाच्या शिक्क्यांची साखळी संपते आणि एका अपोस्टिलवर (सरकारी साक्षांकनाच्या शिक्क्यावर) काम भागतं. चीनमध्ये तो नोव्हेंबर २०२३ पासून लागू झाला. एखादा देश अजून बाहेर असेल तर त्याला आत आणणं हे नव्या करारापेक्षा स्वस्त आणि लवकर होणारं काम आहे. प्रदर्शनात न्यायच्या नमुन्यांसाठी एटीए कार्ने (माल तात्पुरता नेण्यासाठीचं कस्टम्सचं आंतरराष्ट्रीय कागदपत्र) हाही तसाच तयार मार्ग, शुल्क न भरता वर्षभरापर्यंत माल नेऊन परत आणता येतो.

दुहेरी कर टाळण्याचा करार गुंतवणुकीसाठी शुल्काइतकाच मोलाचा. त्यात कायम आस्थापनेची (परदेशी कंपनीचं जे ठिकाण तिला तिथे करपात्र करतं त्याची) व्याख्या वाचा: बांधकामाची जागा ओईसीडीच्या (मुख्यतः विकसित देशांच्या संघटनेच्या) नमुन्यात १२ महिन्यांनंतर करपात्र होते, संयुक्त राष्ट्रांच्या नमुन्यात सहा महिन्यांनंतर. भांडवल पाठवणारा देश पहिला नमुना मागतो, घेणारा दुसरा.

---

तागडी

बहुतेक मुद्दे आले. एक विरोधी सूर लावतो. व्यापार वाढला म्हणजे फायदा झालाच असं नाही. अर्थतज्ज्ञ जेकब वायनर यांनी १९५० मध्ये मांडलेला हिशेब अजून पुसला गेलेला नाही. समजा एखादी वस्तू तिसरा देश १०० ला देतो, आपलं शुल्क २०, ग्राहकाला १२० ला पडते. करारातला भागीदार तीच ११० ला देतो. करारानंतर भागीदाराला शुल्क नाही, सगळी खरेदी त्याच्याकडे वळते. ग्राहकाचे १० वाचले, सरकारचे २० बुडाले. देश म्हणून आपण परदेशाला आधी १०० देत होतो, आता ११०. द्विपक्षीय व्यापाराचा आकडा मात्र शून्यावरून उसळलेला दिसेल आणि त्यावर टाळ्या पडतील.

यावर साधा उपाय म्हणजे करार करताना बाकीच्यांसाठीचा दरही थोडा उतरवायचा, म्हणजे वळण्याचा मोह कमी होतो.

---

नोंदवही

तागडी, हिशेब मान्य. पण शेजारशेजारच्या देशांत करार खोल होत गेला तर काय होतं, याचं बारकाईने पाहण्यासारखं उदाहरण ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडचं. यशासकट आणि फजितीसकट.

पहिला करार १९६६ ला लागू झाला. त्यात ‘या यादीतल्या वस्तूंना सवलत’ अशी पद्धत होती. यादीत वस्तू घालायला दोन्हीकडचे उद्योग विरोध करत, त्यामुळे ती सावकाश वाढली आणि वनउत्पादनांभोवतीच फिरत राहिली. १९७३ मध्ये ब्रिटन युरोपीय समुदायात गेला, न्यूझीलंडच्या लोण्या-मांसाची हक्काची बाजारपेठ आकसली, आणि जवळच्या शेजाऱ्याकडे नव्याने पाहणं भाग पडलं. १९८३ च्या ‘सीईआर’ (क्लोजर इकॉनॉमिक रिलेशन्स) करारात पद्धत उलटी केली: सगळं आत, फक्त यादीत लिहिलेलं बाहेर. आता सिद्ध करण्याचं ओझं विरोध करणाऱ्यावर आलं. माझ्या मते संपूर्ण करारातला सगळ्यात मोठा निर्णय हाच. प्रमाणावरचे निर्बंध काढायला १९९५ ची मुदत होती, १ जुलै १९९० लाच वस्तूंचा व्यापार मोकळा झाला.

मुदतीआधी झालं कारण करारातच आढाव्याची तरतूद होती आणि १९८८ चा आढावा गंभीरपणे घेतला गेला. त्यातून सेवांचा समावेश झाला, आणि एकमेकांच्या मालावरचं अँटी-डम्पिंग शुल्क (परदेशी माल फार स्वस्तात ओतला म्हणून लावतात ते) १९९० पासून बंद झालं. त्याऐवजी दोन्हीकडचा स्पर्धा कायदा लावायचा ठरलं. हे फार थोड्या करारांना जमलं आहे. बाकी ठिकाणी शुल्क शून्य होतं आणि अँटी-डम्पिंगच्या वाटेने परत येतं.

१ मे १९९८ पासून परस्पर मान्यतेची व्यवस्था आली: एका देशात कायदेशीरपणे विकता येणारी वस्तू दुसऱ्यातही विकता येते, आणि एकीकडे नोंदणी असलेला व्यावसायिक दुसरीकडे नोंदणी मागू शकतो. डॉक्टर त्यातून वगळले आहेत. मूळस्थानाचा नियमही सुरुवातीला ५० टक्के मूल्याचा होता, जकातनाका यांनी वर दाखवलेला विनिमय दराचा त्रास तिथेही झाला, आणि २००७ पासून कोड-बदलाची पद्धत आली.

आता फजिती. औषधं आणि वैद्यकीय साधनांसाठी दोघांचा एकच नियामक करायचा, असा तह डिसेंबर २००३ मध्ये झाला. २००७ मध्ये गाडं थांबलं, २०११ मध्ये पुन्हा हलवलं, २०१४ मध्ये प्रस्ताव सोडून दिला. दुसऱ्याचा निर्णय मान्य करणं वेगळं आणि आपला नियामक विसर्जित करून सामायिक नेमणं वेगळं. दुसऱ्या गोष्टीला संसदेत बहुमत लागतं आणि लहान देशात ‘आपला अधिकार गेला’ ही भावना पटकन पेटते.

आणि सफरचंदं. न्यूझीलंडमध्ये फायर ब्लाइट हा जिवाणूजन्य रोग आढळल्यावर ऑस्ट्रेलियाने १९२१ मध्ये तिथल्या सफरचंदांवर बंदी घातली. मुक्त व्यापार येऊनही ती टिकली, कारण ती शुल्काची भिंत नव्हतीच. २००६ मध्ये दार किलकिलं केलं, पण अटी इतक्या की व्यापार परवडेना. सीईआर करारात बंधनकारक लवादाची सोय नाही, फक्त सल्लामसलत आहे. म्हणून न्यूझीलंड २००७ मध्ये जागतिक व्यापार संघटनेत गेलं. पिकलेल्या, निरोगी फळातून रोग पसरतो याला पुरेसा शास्त्रीय आधार नाही, असा निकाल लागला, अपिलातही नोव्हेंबर २०१० मध्ये तो बहुतांशी टिकला, आणि २०११ मध्ये माल जाऊ लागला. या काळात बाकीचा व्यापार, मंत्र्यांच्या बैठका, गुंतवणुकीच्या वाटाघाटी चालूच होत्या. गुंतवणुकीचा प्रोटोकॉल २०११ मध्येच झाला. एका फळाचं भांडण एका फळापुरतंच ठेवण्याची सोय हवी, आणि ती तिसऱ्याच्या दारात असली तरी चालते.

आज हाच मार्ग घ्यायचा तर अडचण आहे. संघटनेचं अपील मंडळ डिसेंबर २०१९ पासून न्यायाधीशांअभावी बंद आहे. हरलेल्याने अपील केलं की प्रकरण पोकळीत जातं. म्हणून नव्या द्विपक्षीय करारात स्वतःचा लवाद हवा, आणि त्यात एक बारीक पण जीवघेणी तरतूद: एका पक्षाने आपला सदस्य नेमलाच नाही तर आधी ठरवलेल्या यादीतून चिठ्ठीने नेमणूक. ही नसेल तर नेमणूक टाळून खटला कायमचा लांबवता येतो.

---

सहज_सुचलं

उत्तम माहिती. समजा एखादा करार तीन महिन्यांनी लागू होणार आहे. निर्यातदाराने आत्ता काय करावं?

---

जकातनाका

आधी समोरच्या देशाच्या दरपत्रकात आपला आठ किंवा दहा अंकी कोड शोधावा. पहिले सहा अंक सारखे असतात, पुढचे त्या देशाचे. वर्गीकरणाबद्दल शंका असेल तर आयातदारामार्फत तिथल्या कस्टम्सकडे आगाऊ निर्णय मागावा. जागतिक व्यापार संघटनेचा व्यापार सुलभीकरण करार २०१७ पासून लागू आहे, त्याच्या तिसऱ्या कलमात ही सोय आहे, आणि दिलेला निर्णय त्या कस्टम्सवर ठरावीक काळ बंधनकारक राहतो. पंपावर मोटर बसवलेली असताना कोड काय आणि सुटी पाठवली तर काय, हे असं लेखी घ्यावं.

मग कच्च्या मालाच्या प्रत्येक पुरवठादाराकडून मूळस्थानाची घोषणा मागवावी. देशातल्या दुकानातून घेतलं म्हणजे देशी माल, हा समज पडताळणीत महागात पडतो. मूल्याची कसोटी असेल तर काठावर राहू नये. ४० ची अट असेल तर हिशेब ४५ ला बसवावा आणि दर तिमाहीला पुन्हा करावा.

वाटेत असलेल्या मालाचं कलमही वाचा. करार लागू होण्याच्या दिवशी जहाजावर किंवा बाँडेड गोदामात (जिथे शुल्क भरण्याआधी माल ठेवता येतो) असलेल्या मालाला बहुतेक करारांत सवलत मिळते, पण ठरावीक महिन्यांत प्रमाणपत्र सादर केलं तरच. मोठी खेप असेल तर बाँडमधून काढायची घाई करू नये.

शेवटची गोष्ट प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेला विचारायची: सह्यांचे आणि शिक्क्यांचे नमुने समोरच्या कस्टम्सला पोचले का? करार लागू झाल्यावर पहिल्या महिन्यांत प्रमाणपत्रं परत येण्याचं हे हमखास कारण आहे. माल बरोबर, हिशेब बरोबर, पण सही करणाऱ्या अधिकाऱ्याचा नमुना तिकडच्या फाइलमध्ये नाही. अशा वेळी आयातदाराने शुल्क ‘हरकत नोंदवून’ भरावं किंवा हमीपत्रावर माल सोडवावा, आणि परताव्याची मुदत, जी बहुधा आयातीपासून एक वर्षाची असते, वहीत टिपून ठेवावी. हरकत न नोंदवता भरलेलं शुल्क सोडवून घ्यायला फार यातायात पडते.